शरदातली शाळा : हादगा, पाटी आणि किल्ला



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाईंच्या वर्गात मी १९५६ साली तिसरी इयत्तेत होतो. पुढे इतिहास हा माझ्या अध्यापनाचा विषय झाला. आजच्या व्याख्यानासाठी एखाद्या राजवंशाचा वा लढाईचा विषय मी निवडावा, अशी अनेकांची अपेक्षा होती. मी मात्र एका वर्गाचा आणि एका ऋतूचा इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे. भाद्रपद सरून आश्विन लागला, की दिवाळीपर्यंतच्या चार-पाच आठवड्यांत आपल्या भागातील मराठी प्राथमिक शाळेत काय शिकवले जात असे, कसे शिकवले जात असे आणि त्याचे पुढे काय झाले, हा तो विषय होय. विषय लहान दिसतो. परंतु आपल्या शिक्षणाच्या इतिहासातील एक मोठा प्रश्न त्यात दडलेला आहे, असे मला वाटते.

पार्श्वभूमी

बेळगावचा किल्ला १८१८ साली इंग्रजांच्या हाती आला आणि १८३२ पासून येथे लष्कराची छावणी वसली. तीच आपली कॅम्प. १८३६ साली धारवाडपासून वेगळा काढून बेळगाव जिल्हा करण्यात आला. छावणीबरोबर बंगले आले, चर्च आली, १८५६ साली सेंट पॉल्ससारखी इंग्रजी शाळा आली. आणि त्या सर्वांच्या आश्रयाने शिपाई, खानसामे, परीट, शिंपी, गाडीवान यांची घरेही आली. १९२२ पासून मराठा पलटणीचे प्रशिक्षण येथे होऊ लागले. त्यामुळे कॅम्पातील मराठी शाळेच्या वर्गात मराठीबरोबर कानडी, कोकणी, उर्दू, तेलुगू अशा अनेक घरांतली मुले एका जाजमावर बसत. गावातल्या गल्लीतील शाळेपेक्षा ही शाळा वेगळी होती, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढच्या गोष्टींचा अर्थ नीट लागणार नाही.

त्यापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत मूल धुळपाटीवर अक्षर गिरवी, पाढे आणि पावकी-निमकी मोठ्याने घोकी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सरकारी शाळा निघाल्या, मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली क्रमिक पुस्तके तयार झाली आणि १८५५ साली स्वतंत्र शिक्षणखाते स्थापन झाले. पाठोपाठ इन्स्पेक्टर आणि परीक्षा आल्या. धारवाड-बेळगाव भागात कानडी शाळांसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते डेप्युटी चन्नबसप्पा याच खात्यातले. मराठी आणि कानडी शाळा या भागात एकाच खात्याच्या छायेखाली शेजारी शेजारी वाढल्या, हेही विसरता येत नाही.

स्वित्झर्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी (१७४६–१८२७) यांचा विचार युरोपातून फिरत फिरत आपल्याकडे आला, तो ‘वस्तुपाठ’ या नावाने. शिक्षकाने वस्तू वर्गात आणावी; मुलांनी ती पाहावी, हाताळावी, तिचे गुणधर्म स्वतः सांगावेत, अशी ती कल्पना होती. आज ‘वस्तुपाठ’ हा शब्द आपण ‘अनुकरणीय उदाहरण’ या अर्थाने वापरतो. त्याचा जन्म शाळेच्या वर्गातला आहे, हे बहुधा विसरले गेले आहे. दुर्दैव असे, की परीक्षेच्या धाकापुढे वस्तू बाजूला पडली आणि पाठ तेवढा उरला. कापूस मऊ असतो, कापूस हलका असतो, ही वाक्ये कापसाला हात न लावता पाठ होऊ लागली.

महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळेत मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल यांबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे सोपे धडे असावेत, अशी मागणी होती. मुलाच्या घरी जे काम चालते त्याचा शाळेशी काही संबंध असावा, हा त्यामागील आशय. त्यानंतर पंचावन्न वर्षांनी, २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि तीतून मूलोद्योग शिक्षणाची योजना पुढे आली. टकळी शाळेत आली. हाताने काम करीत शिकणे हे शासकीय धोरण झाले.

फुल्यांचे निवेदन आणि वर्ध्याची परिषद या दोन्ही घटना शरदातल्या, हा योगायोग आहे. पण याच ऋतूत, कोणाही आयोगाने सांगितलेले नसताना, आपल्या मुलांच्या अंगणात तीन उत्तम वस्तुपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. हादगा, पाटीपूजन आणि दिवाळीचा किल्ला. बाईंचे मोठेपण हे, की त्यांनी हे तिन्ही उंबऱ्याबाहेरून वर्गात आणले.

हादगा

पुण्याकडे ज्याला भोंडला म्हणतात, त्याला कोल्हापूर-बेळगावकडे हादगा म्हणतात. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो. हस्ताचा हत्ती झाला, हत्तीचे चित्र भिंतीवर लागले, त्यावर फळाफुलांच्या माळा चढल्या आणि मुलींनी फेर धरला. रीत अशी, की पहिल्या दिवशी एक गाणे व एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असे वाढत वाढत सोळाव्या दिवशी सोळा.

शाळेत एक दिवस हादगा होई. आम्ही मुलगे पायरीवर बसून पाहात असू आणि खिदळत असू. बाईंनी आम्हांला काम लावले. “मुली गातील. तुम्ही सांगा, सोळा दिवसांत मिळून गाणी किती?” आम्ही पाटीवर एक अधिक दोन अधिक तीन असे मांडू लागलो आणि दहाच्या पुढे सगळेच चुकलो. मग बाईंनी सोळा मुलींना आठ-आठच्या दोन रांगांत समोरासमोर उभे केले. पहिल्या दिवसाच्या समोर सोळावा, दुसऱ्याच्या समोर पंधरावा, तिसऱ्याच्या समोर चौदावा. प्रत्येक जोडीची बेरीज सतरा. जोड्या आठ. आठ सत्ते एकशे छत्तीस... असे कोणीतरी घाईने ओरडले. बाई हसल्या. “आठ सतरे,” त्या म्हणाल्या. आठ सतरे एकशे छत्तीस. पाढा चुकला होता, उत्तर बरोबर होते! गणितश्रेढीचे सूत्र मी पुढे माध्यमिक शाळेत शिकलो, तेव्हा त्या दोन रांगा माझ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या.

दुसरा भाग खिरापत ओळखण्याचा. झाकलेला डबा कानाशी हलवायचा आणि प्रश्न विचारायचे. ओली की कोरडी? गोड की तिखट? तळलेली की भाजलेली? एकेका प्रश्नाने निम्म्या शक्यता गळून पडतात. वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक झाड ओळखतो तो याच रीतीने, असे मी जाणकारांकडून ऐकले आहे. आमच्या मुलींना ती रीत आजीकडून मिळालेली होती.

तिसरा पाठ पावसाचा. हस्ताचा पाऊस जोराचा. भातशेतीला तो हवासाही आणि नकोसाही. बाईंनी सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा शाळेच्या अंगणात मोकळ्यावर ठेवला होता. रोज सकाळी एक मुलगा त्यात पट्टी उभी धरून पाणी मोजी आणि फळ्याच्या कोपऱ्यात आकडा लिही. डबा रुंद असो वा अरुंद, कडा सरळ असल्या तर पाण्याची उंची तीच राहते, हे बाईंनी सांगितले नाही. दोन निराळे डबे ठेवून ते आम्हांला पाहू दिले.

या हादग्याची एक दुसरी बाजू आहे. ती इतिहासकाराने झाकू नये. फेर सर्वांना खुला नसे. वाड्याच्या अंगणात कोणाची मुलगी फेरात यावी आणि कोणाची खिरापत खावी, याचे न बोललेले नियम होते. आमच्या वर्गात पलटणीच्या चाळीतील एक तेलुगू बोलणारी मुलगी होती. पहिल्या खेपेस ती फेराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. तिला कोणी बोलावले नाही आणि जा असेही कोणी म्हटले नाही. बाईंनी डबा उचलला, तिच्याजवळ नेला आणि पहिला प्रश्न विचारण्याचा मान तिला दिला. तिने डबा हलवला, वास घेतला आणि प्रश्न न विचारताच सांगितले, “शेंगदाण्याचा लाडू.” उत्तर बरोबर होते. फेर उघडला तो तेवढ्याने. त्याच शरदात, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या घटनेची थोरवी आम्हांला त्या वयात कळण्यासारखी नव्हती. पण कोणत्या फेरातून कोण बाहेर ठेवले गेले होते, हा प्रश्न आमच्या वर्गाच्या भिंतीशीही उभा होता, हे आज मागे वळून पाहताना स्पष्ट दिसते.

पाटी

दसऱ्याच्या आधी पाटीपूजन होई. पाटी कोळशाने व पाल्याने घासून काळीभोर करायची आणि तीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची. अनेक ‘१’ ओळीने आणि तिरके मांडून त्यांतून देवीची आकृती उभी राहते. ज्याला नीट लिहिता येत नाही, त्या पहिलीतल्या मुलालाही एक काढता येतो. म्हणून ही सरस्वती सर्वांना साधते. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात, रांगेतील आकडे मोजून घ्यायला हवेत. नाही तर आकृती कलते. समतोल, सममिती, मोजणी आणि हाताचे वळण एवढे सगळे त्या एका चित्रात असे.

धुळपाटी जाऊन दगडी पाटी आली, तेव्हा लिहिलेले पुसण्याची सोय मात्र कायम राहिली, याकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. पाटीवरची चूक टिकत नाही. वहीवरची टिकते, तिला लाल शाई लागते आणि ती पालकांना दाखवली जाते. पाटीवर शिकणारे मूल चुकायला भीत नसे. पाटीची पूजा करणारा समाज कळत-नकळत त्या निर्भयपणाचीही पूजा करीत होता, असे म्हटल्यास ते फार होणार नाही.

दसऱ्याला आपट्याची पाने सोने म्हणून वाटतात. बाई आपटा आणि कांचन यांची एकेक फांदी आणीत. दोन्हींचे पान मध्ये दुभंगलेले, दोन्ही एकाच कुळातली झाडे. बाजारात आपट्याच्या नावावर कांचनाची पाने सर्रास खपतात. आम्ही पाने पाटीवर ठेवून त्यांच्या कडा पेन्सिलीने गिरवीत असू, शिरा मोजत असू. त्यानंतर बाई एवढेच सांगत, “सोने द्यायचे असेल तर एक पान पुरते. झाड ओरबाडायचे नाही.”

किल्ला

दिवाळीचा किल्ला ही बेळगावच्या मुलांची खास मिरास. गल्लोगल्ली, अंगणात, कोपऱ्या-कोपऱ्यावर किल्ले उठतात. दगड-विटांचा ढिगारा, त्यावर चिखलात भिजवलेली पोती, त्यावर माती, उतारावर पेरलेले हळीव, पायऱ्या, तळे, बुरूज आणि माथ्यावर सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज. आमच्या कॅम्पात तर मातीचे मावळे मांडत असताना रस्त्यावरून खऱ्या शिपायांची तुकडी कवाईत करीत जाई, आणि एखादा हवालदार थांबून, बुरुजावरच्या पहारेकऱ्याचे तोंड चुकीच्या दिशेला आहे, हे सांगून जाई.

बाईंचा नियम होता, की मनातला किल्ला बांधायचा नाही, असलेला बांधायचा. त्या वर्षी आमच्या गटाला राजगड मिळाला. मधे बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या. तीन माच्या एका ढिगाऱ्यावर बसेनात. एक बांधली की दुसरी ढासळे. दोन दिवस खटपट केल्यावर आम्हांला समजले, की अगोदर डोंगर नीट घडवावा लागतो आणि मग तट त्याच्या मागून धावतो. गिरिदुर्ग का आणि कोठे उभारतात, याचे इतके चांगले उत्तर मला नंतर कोणत्याही ग्रंथात मिळाले नाही. पाण्याचेही तसेच. तळे माथ्यावर केले की पाणी जिरून जाई. चिकणमातीचा थर दिल्यावर थांबे. ज्या गडावर पाणी नाही तो गड लढवता येत नाही, हे वाक्य पुस्तकात होते. आम्ही ते हातांनी अनुभवले.

दुसऱ्या गटाने आपला भुईकोट घेतला होता. बाई त्या मुलांना पायी बेळगावच्या किल्ल्यात घेऊन गेल्या. खंदक त्यांनी पावलांनी मोजला. आत रट्टांच्या काळातील, १२०४ सालची कमल बस्ती पाहिली. जैन मंदिर, मशीद आणि दुर्गादेवीचे स्थान एकाच तटाच्या आत पाहून आलेल्या मुलांनी, आपल्या किल्ल्यात या तिन्ही वास्तू मांडायच्या की नाहीत, यावर अर्धा दिवस वाद घातला आणि अखेर तिन्ही मांडल्या. इतिहासाचे वाचन यापेक्षा वेगळे ते काय असते?

सीमा

१९५६ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. आमचे किल्ले उभे होते, हळिवाला कोंब फुटले होते आणि १ नोव्हेंबर रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षीच्या जानेवारीत बेळगावात गोळीबार होऊन माणसे मृत्युमुखी पडली होती. त्यामुळे घराघरांत काय वातावरण होते, हे या सभागृहातील ज्येष्ठांना सांगण्याची गरज नाही. दसऱ्याला आपण सीमा ओलांडतो, त्याला सीमोल्लंघन म्हणतो. त्या वर्षी आम्ही जागेवरच होतो. सीमाच आम्हांला ओलांडून गेली.

सुटी संपून शाळा भरली, तेव्हा भिंतीवर जुन्या मुंबई राज्याचा नकाशा तसाच होता. एका मुलाने विचारले, “बाई, हा आता खोटा का?” वर्गात कानडी घरची मुले होती, मराठी घरची होती. दोघांच्याही घरी मोठी माणसे वेगवेगळे बोलत असणार. बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी सर्वांना पाट्या काढायला लावल्या आणि आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगितला. कोणते झाड, कोणती विहीर, कोणते वळण. सगळ्या पाट्या जमिनीवर जुळवून ठेवल्या, तेव्हा आमची कॅम्प त्यावर उमटली. “हा तुम्ही काढलेला नकाशा,” बाई म्हणाल्या, “भिंतीवरचे नकाशे मोठी माणसे काढतात. ते का आणि कसे बदलतात, ते इतिहासात पुढे शिकाल.” मी इतिहासाकडे वळलो त्याची सुरुवात येथे झाली.

सीमेचा परिणाम शाळेच्या दिनदर्शिकेवरही होतो. महाराष्ट्रात सहामाही परीक्षेनंतरची मोठी सुटी दिवाळीची. कर्नाटकात ती मुख्यतः दसऱ्याची. नवरात्र सुटीत गेले, की हादगा आणि पाटीपूजन शाळेच्या हातून निसटू लागतात, आणि उरतात ते सुटीपूर्वी उरकून घेतलेले कार्यक्रम. भाषेच्या प्रश्नावर आपण पुष्कळ बोललो. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले, सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दावा दाखल झाला. परंतु मुलाचे वर्ष कोणत्या सणावर मोडते, या साध्या गोष्टीने शिक्षणात काय फरक पडतो, याचा विचार आपण फारसा केला नाही.

आजचा प्रश्न

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि अनुताई वाघ यांनी ते कोसबाडच्या टेकडीवर वाढवले. विकत आणलेल्या साधनांऐवजी पाने, बिया, शंख-शिंपले त्यांनी मुलांच्या हाती दिले. १९९५ साली कर्नाटकात हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली-कली’ हा उपक्रम सुरू झाला. आनंदाने शिकावे, असा त्या कानडी शब्दांचा भाव. पुढे तो राज्यभरच्या सरकारी शाळांत गेला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडा, असे सांगितले. सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे, दोन्हीकडचे शहाणपण एकच गोष्ट सांगत आले आहे.

आणि तरीही आज या ऋतूत आपण काय पाहतो? हादगा व्यासपीठावर गेला. गाणी ध्वनिक्षेपकावर वाजतात, खिरापत पाकिटातून येते आणि ती ओळखायची राहून जाते. किल्ला तयार मिळतो. स्पर्धेसाठी मोठी माणसे तो उभारतात आणि मुलाच्या वाट्याला छायाचित्रापुरते उभे राहणे येते. मराठी शाळांचे वर्ग रोडावत आहेत, पालक इंग्रजी माध्यमाकडे वळत आहेत, याचे आपणांस दुःख आहे, मलाही आहे. पण पालकाला दोष देण्यापूर्वी आपण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. जी गोष्ट मराठी शाळाच देऊ शकत होती, ती आपण आज देतो का? भाषेच्या अभिमानाने शाळा काही काळ टिकेल. मुलाला शाळेत काही सापडले तर ती पुष्कळ काळ टिकेल.

जुने जसेच्या तसे परत आणावे, असे मला म्हणायचे नाही. फेरात मुलगे हवेत आणि किल्ल्यावर मुली हव्यात. भिंतीला टेकून उभे असलेले मूल कोण आहे, हे दर वर्षी नव्याने पाहायला हवे. सणाचा धर्म घरी राहो; त्यातले मोजणे, ओळखणे आणि बांधणे शाळेत येवो. त्यासाठी निधी लागत नाही. सरळ कडांचा एक डबा, एक पाटी आणि थोडी माती पुरते. लागतो तो उत्तर माहीत असूनही थोडा वेळ गप्प राहणारा शिक्षक.

या शाळेने येत्या आश्विनात अंगणात तो डबा पुन्हा ठेवावा आणि रोजचा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात मुलांच्या हातून लिहिला जावा, एवढी विनंती मी संस्थेपुढे ठेवतो. बाईंचे स्मारक म्हणून याहून अधिक मला काही सुचत नाही.